वैशे, एकेचाळिसाव्या पानावर तुझी सही हवी आहे

कोथरूड, पुणे
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय वैशे,

पाकीट जाड का लागतंय ते आधी सांगते. आत माझं डाइव्हिंगचं लॉगबुक आहे. ते आत्ता उघडू नकोस, आधी पत्र वाच. तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. चकली गार होईपर्यंत थांबणारी तू कधी नव्हतीस. तरी सांगून ठेवते.

सव्वा वर्ष झालं ना ग? तू नागपूरला गेलीस त्याला सव्वा, आणि आपण धड बोललो नाही त्याला त्याहून जास्त. वाढदिवसाला केकचं चित्र, संक्रांतीला तिळगुळाचं चित्र. हेसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं होतं, पण तू निळ्या टिका देऊन गप्प बसली असतीस आणि मी दिवसभर फोन उलटा-सुलटा करत बसले असते. कागदाला निदान टिका नसतात.

तब्येती ठीक. माझी शुगर काठावर आहे, बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं जानेवारीत. संजयची पाठ तशीच. झालं.

आता ऐक. बुधवारी खंडेनवमी होती. मी हिंजवडीहून रडतखडत साडेआठला घरी पोचले, तर देवघरासमोर पाटावर शस्त्रं मांडलेली. बाबांचं फाउंटन पेन, संजयचं ड्रिल मशीन, आर्याचा लॅपटॉप, विळी, स्कूटरची किल्ली, आणि मधोमध माझा रेग्युलेटर, पाण्याखाली श्वास घ्यायचा. चारी नळ्या नीट गुंडाळलेल्या, तोंडात धरायच्या रबरावर हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. पिवळा ऑक्टोपस, म्हणजे दुसऱ्याला हवा द्यायची जादा नळी, बाजूला काढून त्यालाही वेगळी बोटं लावलेली. मी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

तुला कळेल मला काय झालं असेल. दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर ते म्हणतील, वा, किती गोड.

दहा वर्षं लपवलं ग मी. लग्न झालेली, पोरगी कॉलेजात जाणारी बाई, आणि बापाला सांगायची छाती नाही. पण तू आमच्या घरात वाढलीयेस, त्यामुळे तुला निराळं सांगायला नको. विसर्जनाला आम्ही ओंकारेश्वरापाशी वीस पायऱ्या वर उभे राहायचो आणि गणपती शेजारचे काका नेऊन बुडवायचे. सिंहगडावर जाताना खडकवासल्याला सगळी दुनिया कणीस खायला थांबते, आमची गाडी कधी थांबली नाही. टिळक टँकवर तू मला पोहायला शिकवलंस ते पूर्ण उन्हाळाभर आईला ठाऊक होतं, बाबांना नाही. ओल्या वेण्यांचं कारण 'केस धुतले'. रोज केस धुणारी पोरगी! त्या माणसाला खरंच संशय आला नसेल? आता वाटतं, आला असणार.

तर बाबा आमच्याकडे राहायला आल्यापासून सगळं सामान बेडच्या पेटीत, दुलयांच्या खाली. वेटसूट तर तुझ्याच गॅलरीत वाळायचा. तुझ्या सासूबाई पहाटे दूध घ्यायला उठल्या आणि दोरीवर बिनमुंडक्याचा काळा माणूस बघून 'अहो, कुणीतरी लटकलंय' म्हणून ओरडल्या, ते आठवलं की मला अजून ऑफिसच्या बसमध्ये एकटीला हसू येतं. तू गेल्यापासून तो गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे वाळतो.

बाबांना पूजेसाठी पकड हवी होती. ती शोधताना त्यांनी पेटी उघडली. संजय म्हणे थांबवायला धावला होता, पण तोवर फिन्स बाहेर आले होते.

मला वाटलं आता स्फोट. तो झालाच नाही. जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, 'या यंत्राची वही असेलच ना?' वैशे, चौतीस वर्षं ऑडिट केलेला माणूस तो. यंत्र आहे म्हणजे नोंदवही असणार. मी निमूटपणे आणून दिली. दसऱ्याच्या दिवशी दुपारी, बासुंदी खाऊन सगळं घर आडवं झालेलं असताना, बाबा टेबलाशी बसले. एका डोळ्याला नवं भिंग, हातात टोक केलेली पेन्सिल, बाजूला जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा. ते एकही टाकत नाहीत. तारखेच्या चौकोनात दूध, इस्त्री, गॅस, आणि मी गावाला गेले की 'मनी – ऑफिस टूर, गोवा'. 'मनी – ट्रेनिंग, चेन्नई'. अंदमानात हॅवलॉकला गेलो होतो ना आपण २०१६ च्या जानेवारीत, ते हे चेन्नईचं ट्रेनिंग. लॉगबुकातली तारीख, कालनिर्णयातली तारीख, दोन्हीकडे बारीक टिक. त्रेसष्ट डाइव्ह, सोळा ट्रिपा. संध्याकाळी म्हणाले, 'खर्च तुझा, जीव तुझा. पण माझ्या कॅलेंडरात सोळा नोंदी खोट्या पडल्या.' आणि उठून पर्वतीला फिरायला गेले. एवढंच.

मला वाटलं सुटले. कसली सुटतेय.

शुक्रवारी बघते तर फडताळातलं आपलं कोर्सचं पुस्तक काढून वाचतायत. (तुझं नाव आहे त्यावर, माझं तू नेलंस. ते भांडण नंतर.) मला चहाला बोलावलं आणि तोंडी परीक्षा सुरू. दर दहा मीटरला पाण्याखालचा दाब एका बारने वाढतो, म्हणजे वीस मीटरवर तिप्पट, बरोबर? मग श्वासालाही तिप्पट हवा लागणार, बरोबर? सिलिंडर दोनशे बारला भरतात आणि पन्नास उरली की वर यायचं, बरोबर? मी आपली शाळेतल्यासारखी 'हो बाबा, हो बाबा'. पहिल्या प्रकरणात त्या यंत्राचा इतिहास आहे ना, कुस्तो आणि गान्याँ, १९४३, तिथे ते थांबले. चष्मा काढला. म्हणाले, 'त्रेचाळीस साली हे निघालं होतं. एकसष्टला पुण्यात एकाकडे तरी असेल का ग?'

मी काय सांगणार? तू ऐकलंयस का त्यांच्याकडून कधी, पानशेतचं धरण फुटलं ते? मीही जवळजवळ नाहीच. १२ जुलै म्हटलं की घरात रेडिओसुद्धा हळू लागायचा. नऊ वर्षांचे होते, नारायण पेठेतला वाडा. शुक्रवारी ते पहिल्यांदा आपणहून बोलले, तेही दोनच वाक्यं. पाणी दारातून येईल म्हणून सगळे दाराकडे बघत होते आणि ते आलं मोरीतून. आणि तांब्याचं घंगाळ तरंगत आलं ते उंबऱ्याला ठण् ठण् आपटत राहिलं, कौलांवर चढेपर्यंत ऐकू येत होतं. तो पोचा अजून आहे बघ त्या घंगाळाला. आपण त्यात भातुकलीची तुळस लावायचो.

मग विचारलं, 'खाली आवाज येतो का?' मी म्हटलं, आपल्याच श्वासाचा येतो, आणि खडकापाशी फोडणीत मोहरी तडतडावी तसा, बारीक कोळंब्यांचा. त्यांनी मान हलवली. 'अँग्रिया बँक' असं मागच्या पानावर आपण दोघींनी मोठ्ठं लिहून तीन उद्गारचिन्हं दिलीयेत, त्यावर बोट ठेवून म्हणाले, 'यात खातं आहे का तुझं?' मी सांगितलं, बाबा, ती समुद्रातली बँक, विजयदुर्गपासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, पाण्याखाली बुडालेलं पठार, त्यावर प्रवाळ. कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. 'मग आंग्रे म्हणा ना, अँग्रिया काय?' पुणेकर आहेत, तिथेही शुद्धलेखन काढणारच.

हे सगळं मी लांबवतेय ते तुझ्या लक्षात आलंच असेल. खालीसुद्धा तू अशीच बघायचीस, मास्कच्या आतून, भुवया वर करून.

एकेचाळिसावं पान. नेत्राणी बेट, डिसेंबर २०२३.

शनिवारी सकाळी बाबांनी ती वही माझ्यासमोर उघडी ठेवली. समासात पेन्सिलने '२२?' आणि खाली त्यांच्या त्या सुवाच्य अक्षरात, 'खाडाखोड आहे. सही नाही.' मी म्हटलं, सही आहे की, वैशालीची. ते म्हणाले, 'तिची सही नोंदीला आहे. खाडाखोडीला नाही. आकडा बदलला की बदलणाऱ्याने तिथे सही करायची असते.'

मग त्यांनी आकडेमोड दाखवली. आधीच्या चाळीस डाइव्हवरून माझी हवा मिनिटाला किती जाते ते काढलं होतं, पाण्याबाहेरच्या दाबाला आणून, दीड पावणेदोनच्या मध्ये, सरासरी १.६५ बार. त्या दिवशी सरासरी खोली चौदा मीटर, म्हणजे दाब २.४. वेळ पंचेचाळीस मिनिटं. गुणाकार १०८. त्याला १.६५ ने गुणलं की १७८. दोनशेतून वजा, उरतात बावीस. 'वहीत पन्नास आहेत. त्या एकाच दिवशी तुझी छाती लहान झाली होती का?'

वैशे, पन्नास नव्हते. वीस होते.

तू बरोबर होतीस. पहिल्यापासून. डेकवर तू थरथरत मला बोललीस, मुरुडेश्वरला पोचेपर्यंत दीड तास त्या बोटीत माझ्याकडे पाठ करून बसलीस, ते सगळं बरोबर होतं. त्या कपारीत ती वाम तोंड उघडून बसली होती आणि दोन लालपांढऱ्या कोळंब्या तिच्या दातांतून फिरत होत्या, दंतवैद्यासारख्या, आणि मी तिथे चिकटले होते. तू माझ्यासमोर येऊन तळहातावर दोन बोटं आपटलीस, हवा किती? मी ओके दाखवलं. आकडा विचारला की आकडा सांगायचा, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं आपल्याला. मी हवेचं गेज बघितलंच नव्हतं. लग्नात वाढप्याला 'बास बास' म्हणावं तसं ओके केलं तुला. वर येताना पाच मीटरवर थांबलो तेव्हा तू स्वतः माझं गेज ओढून पाहिलंस, आणि मग तुझा तो पिवळा ऑक्टोपस माझ्या तोंडासमोर. शेवटची तीन मिनिटं मी तुझ्या हवेवर होते. तुझा हात माझ्या पट्ट्यात अडकवलेला होता, आणि तू डोळ्यांनी मोजत होतीस, श्वास घे, सोड, घे, सोड. तुझ्या नखाचं नेलपॉलिश अर्धं गेलेलं होतं. मला ते दिसत होतं आणि मी मनात म्हणत होते, हिने ते पूर्ण तरी काढायचं.

त्या रात्री लॉजवर मी वहीत २० च लिहिलं होतं. तू न बोलता सही केलीस. तिथवर सगळं खरं आहे.

मग जानेवारीत तुम्ही जेवायला आलात, आणि तू सहज बोलून गेलीस, 'हिला वीसवर आणली मी वर.' संजयने चमचा खाली ठेवला. तुम्ही गेल्यावर तो मला म्हणाला, बास झालं आता, आर्याचा विचार कर. आणि मी म्हटलं, अरे, तिला घाबरून काहीबाही आठवतंय, वही दाखवते. आत जाऊन मी दोनाचा पाच केला. इंग्रजी दोन होता, फार कष्ट पडले नाहीत. डोक्यावर एक आडवी रेघ आणि पोट जरा फुगवलं. त्याला दाखवलं, हे बघ, पन्नास, खाली तिची सही. त्याला पटलं.

इथवर असतं तरी मी तुला कधीतरी फोनवर सांगून टाकलं असतं. पण पुढच्या आठवड्यात तू पुन्हा तो विषय काढलास तेव्हा मी तुलाही तीच वही दाखवली. तू ते पान किती वेळ बघत होतीस. मग म्हणालीस, 'माझी सही आहे खरी. मग मलाच चुकीचं दिसलं असेल.' त्यानंतर तू पाण्यात उतरली नाहीस. फेब्रुवारीतलं तारकर्लीचं बुकिंग तू रद्द केलंस, कारण दिलंस मुलाची परीक्षा. फिन्स भाचीला देऊन टाकलेस. तू म्हणालीस खाली गेल्यावर माझं डोकं नीट चालतं का याची खात्री वाटत नाही, आणि मी, मी तुला म्हटलं, अग होतं असं, खोलीवर नायट्रोजनची गुंगी चढते कधीकधी. चौदा मीटरवर! कोणाला नायट्रोजन चढतो चौदा मीटरवर? तू शास्त्र शिकलेली, तुलाही ते कळत होतं, पण तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

आणि मी नंतर बावीस डाइव्ह केल्या. दर वेळी वेगळा जोडीदार. दर मिनिटाला गेज बघते आता, त्यातला एक मुलगा मला 'काकू, कुणाचा फोन येणारे का?' म्हणाला.

बाबांना मी हे सगळं शनिवारीच सांगितलं. अर्थात रडत. त्यांनी रडू संपेपर्यंत पेन्सिलला टोक केलं. मला वाटत होतं आता म्हणतील, पाण्यात जाणं बंद. (म्हणाले असते तर बरं झालं असतं असंही एकदा वाटलं. भांडायला तरी मिळालं असतं.) ते म्हणाले, 'आर्या डिसेंबरात कोर्सला जाणार ना? मग तुझ्याबरोबरच खाली जाणार ना ती?' हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे, बहुतेक तिनेच. हल्ली दोघांचं फार मेतकूट आहे. 'मग त्याआधी हे पान दुरुस्त झालं पाहिजे. जिची सही आहे तिच्याकडून करून आण.'

संजयला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं आहे. रोज रात्री ठरवते आणि तो तोंड उघडून घोरायला लागतो. तुला आधी, मग त्याला, असं मीच ठरवून घेतलंय, त्यात थोडा पळपुटेपणा आहे हे मान्य. आणि आर्याचं काय करू, सांग. तिला कळू दे का, की तिच्या आईने गेज न बघता ओके केलं होतं? की बघून शहाणी होईल? की मग माझ्या ओकेवर कधीच विश्वास ठेवणार नाही? तो ठेवू नये हेच बरोबर, पण आई म्हणून ते गळ्याखाली उतरत नाही. तिला घरात खुणा शिकवतेय सध्या. काल बाबांना पिठलं कसं झालंय विचारलं तर त्यांनी अंगठा वर केला, आणि ती ओरडली, 'आजोबा, अंगठा म्हणजे वर चला!' मला तू आठवलीस, पहिल्याच डाइव्हला कासव बघून आनंदाने अंगठा दाखवणारी, आणि तो इन्स्ट्रक्टर तुला मानगुटीला धरून वर घेऊन गेला होता. वर पोचल्यावर त्याला कोकणीत काय बोललीस ते मला अजून कळलेलं नाही.

तुझं काय चाललंय? सासूबाईंचा गुडघा? पोराची बारावी म्हणजे तू शहाण्णव वेळा दूध गरम करत असशील. समुद्रापासून इतकी लांबची बदली मिळायची होती तुझ्या नवऱ्याला. वडाभात खायला येईन म्हणते, संत्र्यांच्या दिवसांत. बोलावलंस तर.

तर आता वही उघड. एकेचाळिसाव्या पानावर मी पन्नासावर एकच आडवी रेघ मारलीये, खालचा आकडा वाचता येईल अशी (ही बाबांची सूचना), बाजूला २० लिहून माझी सही आणि आजची तारीख टाकलीये. तिच्याखाली तू करायची. निळ्या शाईने. जुनीच सही कर, बँकेतली, ती हल्लीची लफ्फेदार नको, जुळली पाहिजे म्हणतात. मला शिव्या द्यायच्या असतील तर पानाची मागची बाजू कोरी आहे. तिथे बाबा वाचतील हे मात्र लक्षात ठेव.

स्पीड पोस्टने पाठव. दिवाळीच्या आत.

तुझी,
मनी

ता. क. रबराची हळद काही जात नाही. तीनदा धुतलं. भिजत घालायला मोठं भांडं नाही म्हटल्यावर आज सकाळी बाबांनी माळ्यावरून ते घंगाळ काढायला लावलं, स्वतः चिंचेने घासलं, पाणी भरलं आणि म्हणाले, ठेव यात. आत्ता गॅलरीत आहे रेग्युलेटर, घंगाळात. आत पाणी जाऊ नये म्हणून डस्ट कॅप लावली का, असं तू विचारशीलच. लावलीये.